भीमाशंकराहून पुढं

लातूर नवा जिल्हा झाला आणि मी तिथल्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा टेबलं कमी आणि दुष्काळाचे कागद जास्त होते. शेजारच्या खुर्चीवर उमरीकडचा एक मित्र बसायचा. कॉलेजात असताना तो सह्याद्रीत शिबिराला जाऊन आला होता आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. दसरा झाला की पाठीला पिशव्या बांधायच्या, एस.टी.नं भीमाशंकरला उतरायचं आणि घाटमाथ्यानं मुक्काम करत करत हरिश्चंद्रगड गाठायचा. "तिकडं दसऱ्यानंतरबी झऱ्याला पाणी असतं," तो म्हणायचा. टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला एवढं आमिष पुरे होतं.

बेत ठरला, म्हणजे नेमकं काय ठरलं, हे मला कधीच नीट कळलं नाही. मित्र सकाळी स्टोव्ह न्यायचा म्हणायचा आणि दुपारी त्याचं वजन आठवून दशम्या बऱ्या म्हणायचा. तंबू की देऊळ, यावरही तसंच. मी प्रत्येक वेळी मान डोलवायचो. अशाच गोंधळात सामान गोळा करायला कंधारला घरी गेलो, तर आईनं विचारलं, "कुण्या देवाला चाललास?"

"देवाला न्हाई माय. डोंगरात फिरायला."

"चालणार कुठून?"

"भीमाशंकरपासून."

झालं. आमच्याकडे माणूस चार गावं पायी जातो तो एस.टी. चुकली म्हणून, नाहीतर नवस बोलला म्हणून. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की पोरगा म्हादेवाला चालत निघाला. कुणी म्हणे पावसासाठी, कुणी म्हणे लातूरहून बदली व्हावी म्हणून. लातूरला हौसेनं घेतलेले कॅनव्हासचे बूट आईनं पिशवीतून काढून माळ्यावर टाकले. नवसाला अनवाणी चालतात.

"पाय फुटतील माझे," मी चिडून म्हणालो.

"म्हणून तर फळ भेटतं," ती म्हणाली.

लातूरला येऊन मित्राला सांगितलं, तर तो हसत सुटला. "आम्ही बौद्ध झालो तेव्हाच घरातला देव्हारा गेला, माझ्या जन्माआधी. अन् तू मला नवसाला घेऊन चाललास? बाप घरात घेईल का मला?" मग म्हणाला, "बूट तेवढे घेऊन ये."

दसऱ्याला पुन्हा घरी गेलो तो बुटांसाठीच. नायगावला दिलेली माझी थोरली बहीण, अक्का, सणाला आली होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला मूल नव्हतं, आणि उन्हाळ्यापासून तिच्या सासरी दुसरी सून आणायची भाषा उघड चालू होती. तिनं लाल फडक्यात बांधलेला एक नारळ आणला होता. तिनं तो माझ्या पिशवीत ठेवला. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिच्यासाठीच बोललास ना नवस? तोंडानं सांगत न्हाईस, पर मी वळखलं."

खरं सांगावं तर अक्काची आशा माझ्या तोंडून मोडणार होती. गप्प बसावं, आणि पुढं काहीच झालं नाही, तर ती कुणाकडे बघणार? जाणंच रद्द करावं असं वाटलं. मग वाटलं, खरोखरच नवस बोलून टाकावा, म्हणजे खोटं तरी उरणार नाही. पण मी देव मानतो की नाही, हेच मला ठरवता येईना. फार अस्वस्थ होतो.

शेवटी आई टँकरवर गेली तेव्हा मी अक्काजवळ जाऊन बसलो. ती ज्वारी निवडत होती.

"अक्का, मी नवस बोललो न्हाई. नुसता हौसेनं चाललोय."

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "ठाऊक हाय मला. लहानपणी तू देवळाबाहेर चपला राखत बसायचास."

"मग नारळ?"

"सासरी मीच सांगितलं, भाऊ माझ्यासाठी म्हादेवाला चालून राहिला म्हणून. सासू म्हणली, नवस फिटेस्तोवर दुसरी पोरगी बघायची न्हाई."

ती सूप पाखडू लागली.

"परत कवा येणार?" तिनं विचारलं.

"दिवाळीच्या आत."

"एवढी घाई कशाला," अक्का म्हणाली. "जमलं तर हळू चाल."