बिनगव्हाची

माझी बायको पिठाची चिमूट नाकाशी न्यायची आणि गिरणीत तिच्या आधी काय दळलं होतं ते सांगायची. गहू निघाला तर पिशवी तिथंच उलटी. म्हणून गिरणी उघडायच्या आधीच ती पायरीवर जाऊन बसायची, म्हणजे पहिला नंबर तिचा. त्यातही आधी दोन ओंजळी बाजरी नुसती गिरणी साफ करायला घालायची, ते पीठ कोंबड्यांना जायचं, आणि मग तिचं दळण. गिरणीवाला नाना म्हणायचा, "वहिनी, तुमच्यापुढं पाळकसायबांचासुदा नंबर लागत न्हाई." ती म्हणायची, "पाळकसायबांना गहू चालतो. मला चालत न्हाई."

आमच्या देवळाली प्रवरेत तिला सगळे बिनगव्हाची म्हणत. सगुणा हे नाव चर्चच्या वहीत आणि माझ्या तोंडात, एवढंच. मी चौथी शिकलेला. साखर कारखान्यात उसाच्या गव्हाणीवर जन्म गेला. लिहायची सवय नाही, पण तिच्याबद्दल लोक आता भलतंच गोड बोलायला लागलेत, म्हणून बसलो.

तिला वर्षानुवर्षं काही अंगी लागत नव्हतं. खायची आणि वाळायची. जुलाब, चक्कर, अंगात रक्त नाही. शेवटी नगरच्या एका तरण्या डॉक्टरनं नळी घालून आतडं तपासलं आणि सांगितलं, गहू बंद, मैदा बंद, रवा बंद, जन्मभर. मी बाहेर येऊन म्हणालो, "मग आता खायची काय, माती?" ती एसटीत खिडकीशी बसून बोटं मोडत राहिली. बाजरी, ज्वारी, तांदूळ, नाचणी, भगर, राजगिरा, हुलगे. राहुरी आली तरी तिचं संपेना. मग म्हणाली, "अहो, एकच तर गेला. बाकी सगळे हायेत की."

दूध तिनं आधीच सोडलं होतं, त्याला डॉक्टर नको होता. आमच्या जर्सीला गोऱ्हा झाला. गोऱ्ह्याचा उपयोग काय, म्हणून मी तो आठ दिवसांत व्यापाऱ्याला दिला. गाय तीन दिवस दाव्याला हिसके देत ओरडत होती. चौथ्या दिवशी सगुणानं चहा माझ्यापुढं ठेवला आणि स्वतःचा कोराच घेतला. "तिच्या लेकराचं मी पिऊ न्हाई," एवढंच बोलली. त्याच दिवसापासून तूप, अंडी, मटण, सगळं सुटलं. मी मात्र खात राहिलो. नाताळात मटण खायला भावकीत जायचो, आणि तिथं लोक तिला हसले की मीही हसायचो. हे खोटं कशाला सांगू.

पण तिचं जेवण उपासाचं नव्हतं. लई चवीनं खायची ती. तव्यावरची बाजरीची भाकर टम्म फुगली की त्या वाफेवर तोंड धरायची. शिपी आमटी अशी करायची की माझ्या नाकातून पाणी यायचं आणि तिच्या डोळ्यातूनही नाही. हुलग्याचे शेंगोळे करायची, त्यात ज्वारीचं पीठ. शेंगदाणे भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून त्याचं दूध काढायची. पहिल्यांदा मी ते परसात ओतून दिलं. दोन वर्षांनी मीच मागायला लागलो. एकदा महिनाभर तिचं पोट सारखं बिघडत होतं आणि कारण सापडेना. शेजारच्या मास्तरीणबाईंकडून तिनं घरातल्या प्रत्येक डबीवरचं बारीक अक्षर वाचून घेतलं, तर हिंगात गव्हाचं पीठ. तिनं ती डबी माझ्या हातात दिली. "घ्या, चोर सापडला. फोडणीत बसला हुता."

प्रवासात तर तिचा रुबाब बघावा. चर्चच्या मंडळीची सहल दक्षिणेला गेली, बसनं अकरा दिवस. पहिल्या दिवशी सगळे तिला म्हणाले, तुझे हाल हुनार. चौथ्या दिवशी ढाब्यावरच्या मैद्याच्या रोट्या चावून सगळ्यांची पोटं बिघडली, आणि ही आपली डबा उघडून बसली. कडक भाकरी, शेंगांची चटणी, ठेचा, राजगिऱ्याचे लाडू. पुढं इडलीचा मुलूख लागला, मग विचारूच नका. हॉटेलात शिरली की थेट चुलीपाशी जायची आणि आचाऱ्याला मराठीत विचारायची, "दादा, ह्यात रवा हाय का? चटणीत दही हाय का?" त्याला काही कळायचं नाही, म्हणून तो तिला तांदळाचं पातेलं आणि नारळ दाखवायचा. ती पातेल्यात बोट घालून चाखायची आणि आम्हाला हाक मारायची, "या, बसा. जमतंय." तिच्या डब्याकडे कुणी नुसतं बघितलं तरी ती भाकर पुढं करायची. परतीच्या वाटेवर डबा बसभर फिरला आणि ती स्वतः दोन केळ्यांवर राहिली.

आता काष्टीचं सांगतो.

काष्टीला माझी थोरली बहीण, आक्का. तिच्या धाकट्या पोराच्या लग्नाला आम्ही दोन दिवस आधी गेलो. सगुणानं डबा नेला होता. लग्नादिवशी पंगत बसली तेव्हा आक्का तिला म्हणाली, "तू डबा घेऊन मांडवात बसू नकोस. व्याही म्हणतील, आमी घरच्या बाईला जेवाय घातलं न्हाई." तिला मांडवामागं पाण्याच्या टाकीपाशी बसवलं. मी पंगतीत होतो. जिलेबी खात होतो.

दुसऱ्या दिवशी आक्कानं स्वतः भाकरी थापल्या. "राग धरू नकोस गं, माझ्या हातची खा." सगुणाला इतका आनंद झाला की तिनं पीठ हुंगलंच नाही. नणंदेच्या हाताला नाक कसं लावायचं, असं मला नंतर म्हणाली. दोन भाकरी खाल्ल्या. हात धुवून आली तर आक्का सगळ्या बायकांत उभी राहून सांगत होती, "दोन मुठी गहू घातला हुता मी. दोन भाकरी रेटल्या बाईनं. झालं का काय? नाटकं नुसती." बायका हसल्या. सगुणाही जराशी हसली, दुसरं काय करणार होती.

परतताना एसटी दोनदा थांबवावी लागली. नंतर चार दिवस ती अंथरुणातून उठली नाही आणि महिनाभर सावरली नाही. मी चप्पल घालून निघालो होतो काष्टीला. तिनं पडल्या पडल्या माझं धोतर धरलं. "आक्कांना काय बोलू नका. त्यांना कळत न्हाई." मी बोललो नाही. बायकोचा शब्द पाळला म्हणून लोक मला चांगला म्हणतील, पण मी त्या दिवशी नामर्द ठरलो असं माझं मत आहे.

त्यानंतर सगुणा कुणाच्या हातचं जेवली नाही. गेल्या वर्षी तिच्या मेंदूत रक्त साकळलं आणि दोन दिवसांत गेली. डॉक्टर म्हणाला, त्या जुन्या दुखण्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. मी ऐकून घेतलं. मानलं नाही.

दफनाच्या दिवशी आक्का आली. पेटीवर डोकं ठेवून सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशी रडत होती, "माझ्या हातच्या दोन भाकरी गोड करून खाल्ल्या हुत्या गं माझ्या भावजयीनं." बायका डोळे पुसत होत्या. मी तिथंच ठरवलं की त्या दोन भाकरी हिला परत करायच्या.

वर्षाच्या स्मरणाच्या प्रार्थनेला मी दारात मांडव घातला. आधी सहा महिने मी भाकर थापायला शिकलो, हात भाजून घेतले. जेवण सगळं तिच्या पद्धतीचं केलं. बाजरीच्या भाकरी, शिपी आमटी, भरली वांगी, ठेचा, शेंगदाण्याच्या दुधात शिजवलेली तांदळाची खीर. गव्हाचा कण नाही, दुधाचा थेंब नाही. कुणाला सांगितलं नाही. आक्का पंगतीत बसायला लागली तसा मी तिचा हात धरला. "आक्का, तुझं निराळं केलंय." मांडवामागं पाण्याच्या टाकीपाशी खुर्ची टाकली होती. ताटात चार चपात्या, वाटीत बासुंदी.

"हितं का रं, शांतवन?"

"मांडवात बसू नकोस. लोक म्हणतील, आमी तुला तुझ्या आवडीचं घातलं न्हाई."

ती ताटाकडं बघत राहिली. मग तिला कळलं, कारण तिनं पदर तोंडाला लावला.

मांडवात लोक तिसरी-तिसरी भाकर मागत होते. नाना गिरणीवाला खिरीची वाटी चाटत म्हणाला, "दादा, म्हशीचं दूध का गाईचं?" तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं, हे सगळं बिनगव्हाचं आहे, बिनदुधाचं आहे, ज्याला तुम्ही हसलात तेच तुम्ही खाताय. मीही हसलो होतो, तेही सांगितलं. आणि काष्टीच्या दोन मुठी गव्हाचं सांगितलं, नाव घेऊन. पाळकसाहेब म्हणाले, "शांतवनकाका, आजच्या दिवशी नको."

"सायब, आजच्याच दिवशी."

पंगतीत आमटी भुरकायची थांबली.

सगळे उठून गेल्यावर आक्का मागनं आली. ताट तसंच होतं, चपात्यांच्या कडा वाळलेल्या. टोपलीपाशी येऊन उभी राहिली. तिचं वय झालंय. "शांतवन, सकाळपासून पोटात काय न्हाई. एक चतकोर दे. सगुणाच्या नावाची."

टोपलीत सहा-सात भाकरी होत्या. सगुणा असती तर तिनं दोन दिल्या असत्या, वर ठेचा, आणि बसायला पाट. हे मला ठाऊक आहे.

मी टोपलीवर फडकं टाकलं, गाठ मारली आणि म्हणालो, "काष्टीची गाडी चारला हाय."