न बोललेले तीन दिवस

मुलगी नऊ महिन्यांची होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही लखनौच्या मानक नगरला दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मुलीला सांभाळायला माझी आई अकोल्याहून आली होती. बायको बँकेत. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर रुजू झाली होती आणि प्रमोशनच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. दुसरं मूल इतक्यात नको, हे दोघांचं ठरलेलं.

"गोळ्या नकोत, मी अजून अंगावर पाजतेय," ती म्हणाली. "एवढं एक तू सांभाळ."

मी हो म्हणालो. पण कंडोम आणायला कॉलनीतल्या मेडिकलवर जायची लाज वाटायची, तिथला माणूस ओळखीचा. मी चारबाग स्टेशनजवळच्या गर्दीत जाऊन आणायचो. घरात ठेवायची पंचाईत होती, कारण कपाट आई आवरायची. म्हणून पाकीट स्कूटरच्या डिकीत. लखनौचा मे महिना, स्कूटर दिवसभर ऑफिसबाहेर उन्हात. डिकी उघडली की आतून वाफ यायची. तरी कधी डोक्यात आलं नाही.

एका रविवारी दुपारी आई मुलीला घेऊन शेजारी गेली. बाळंतपणानंतर बायकोला कोरडेपणाचा त्रास व्हायचा, म्हणून मी खोबरेल तेलाची बाटली घेतली. नंतर बाथरूममध्ये पाहिलं, तर कंडोम टोकाशी फाटलेला होता.

कागदात गुंडाळून तो मी कचऱ्यात टाकला. बाहेर ती पुस्तक उघडून बसली होती.

"चहा टाकतोस?"

मी चहा टाकला. सांगितलं असतं तर ती घाबरली असती, आणि मग कुठे ठेवतोस, कसं वापरतोस, हे सगळं निघालं असतं. अंगावर पाजतेय, एवढ्याने काय होतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारही गेला.

दीडेक महिन्याने तिला मळमळायला लागलं. तपासणीत दिवस राहिल्याचं निघालं.

"कोई सावधानी नहीं रखी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रखी थी. हर बार," बायको म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. कुठे ठेवता, सोबत काय लावता, सगळं विचारलं. डिकी आणि तेल ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. उन्हाने रबर कमकुवत होतं, तेलाने तर लगेच, त्या म्हणाल्या. लावायचंच तर मेडिकलवर मिळणारं पाण्याचं जेल लावा. घरात थंड जागी ठेवा, पाकिटावरची तारीख बघा. टोक चिमटीत धरून हवा काढा, बाहेर येताना मुळाशी धरा, दर वेळी नवा.

"और फट जाए तो छुपाइए मत. तीन दिन के अंदर गोली ली जा सकती है, जितनी जल्दी उतना अच्छा. फटा था क्या?"

बायको माझ्याकडे बघत होती.

"पता नहीं," मी खाली बघत म्हणालो.

गर्भ ठेवायचा नाही, हे तिनं ठरवलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घेतल्या. दोन दिवस ती गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पडून होती. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल म्हणून आई मुगाची खिचडी करत होती. परीक्षा त्याच आठवड्यात होती, ती हुकली. पुढे एक दिवस ती एकटीच जाऊन कॉपर-टी बसवून आली. "आता तुला काही सांभाळायला नको," एवढंच म्हणाली.

तीन वर्षांनी, मलिहाबादहून कारने आंबे घेऊन परतताना, मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, तेव्हा मी त्या रविवारचं सांगितलं.

"डॉक्टरांपुढे तू खाली बघितलंस तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "कधी सांगतोस, याची वाट बघत होते."

"तुझी परीक्षा..."

"परीक्षा पुढच्या वर्षी दिलीच की मी, पासही झाले. त्याचं काही नाही. पण ते तीन दिवस माझे होते रे. काय करायचं ते मी ठरवलं असतं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

आमचं चांगलं चाललंय. पण अजूनही मी एखादं काम "केलंय" म्हटलं, की ती एकदा स्वतः बघून येते.