मोतीरामची पाटी

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. मागच्या महिन्यात केशोरी गावाहून फोन आला, मोतीराम गेला... आता तरी खरं लिहायला हवं.

लहानपणीच्या तापात त्याचे कान गेले. चौथीपर्यंत शिकला होता, म्हणून गळ्यात पाटी अडकवून फिरायचा. आपण लिहायचं, तो मोठ्या आवाजात उत्तर द्यायचा. धरणातून नाल्याला पाणी सोडण्याआधी गावोगावी सूचना पोहोचवणं हे पाटबंधारे खात्यात माझं काम. एका उन्हाळ्यात त्याच्या गावी बैठक घेतली. ऑटोवर भोंगा फिरेल, असं मी सांगितलं. शेजाऱ्यानं ते पाटीवर लिहून दाखवलं, तसा मोतीराम उठला. "साहेब, नाल्यावर बांबूले लाल कापड बांधा ना. मले बी दिसन."

"तुह्या एकट्यासाठी कायले झेंडा? लगन हाय का तुहं?" मी म्हणालो. बैठक हसली. सगळे हसतात म्हणून तोही हसला, आणि उत्तरासाठी पाटी माझ्यापुढे धरून उभा राहिला. मी काहीच लिहिलं नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पाणी सुटलं. भोंगा दोनदा फिरला होता. मोतीराम नाल्यात हल्ये, म्हणजे औताचे रेडे, धूत होता. झुडूप धरून तो वाचला, पण ऐन धानाच्या रोवणीत रेड्यांची जोडी वाहून गेली. अहवालात मी लिहिलं, ‘सूचना देऊनही संबंधिताने दुर्लक्ष केले.’ त्यानं लाल कापड मागितलं होतं, हे लिहिलं नाही. त्या एका ओळीनं तो गावात हेकट ठरला. त्याची बायको सुमनबाई कचेरीत आली. "ज्याले आयकूच येत नाही, थो दुर्लक्ष कसा करन, साहेब?" मी कागद चाळत राहिलो.

पुढच्या वर्षी मोतीरामनंच नाल्यावर बांबू रोवला. भोंग्याचा ऑटो दिसला की सुमनबाई त्यावर लाल कापड चढवायची. रोवणीच्या बायासुद्धा तिकडेच बघून बाहेर निघायच्या. लांबच्या धानाच्या बांध्यांत भोंगा त्यांनाही कधी नीट ऐकू गेला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

निवृत्तीनंतर एकदा त्याच्या घरी गेलो. पाटी खाटेवर ठेवून तो पाणी आणायला आत गेला. मी लिहिलं, ‘मोतीराम, चूक माझी होती. अहवाल खोटा होता.’ तो येताना दिसला आणि मी बाहीनं पुसलं.

"काऊन पुसलं, साहेब?"

मी लिहिलं, ‘धान कसं आहे?’ तो बराच वेळ धानाचं सांगत बसला...

परवा सुमनबाईंना भेटायला गेलो. पाटी खुंटीला होती. ती उतरवून तीच दोन वाक्यं पुन्हा लिहिली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मोठ्यानं वाचली. त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली.

"त्यायले दाखवाचं होतं," म्हणाल्या.