ओलं फडकं

जळगावच्या कॉलेजात प्रयोगशाळेत लागलो तेव्हा आमच्या खानदानात पदवीधर मी एकटा. ताठा होताच.

जिनिंगमधले एक मिस्त्री सात वर्षं घरच्या घरी एका माणसापुरतं विमान बांधत होते. लढाईच्या काळात त्यांनी विमानतळावर काम केलेलं. त्यांना सगळे नाना म्हणत. नशिराबादकडे कपाशी निघालेलं शेत सपाट करून त्यांनी धावपट्टी केली होती. पट्टी तोकडी, आणि तापलेली हवा विरळ होते, विमान उचलत नाही. म्हणून नानांचा नियम एकच : बाहेर पस्तीस अंशांच्या वर असेल तर उडायचं नाही.

मी त्यांच्या मदतीला जाऊ लागलो, तर विमानातला तापमानाचा काटा खोटं बोलत होता. माझ्या पाऱ्याच्या थर्मामीटरपेक्षा कायम सहा अंश जास्त. काट्याचा बाहेरचा फुगा, म्हणजे उष्णता टिपणारं टोक, इंजिनाच्या गरम झोतात येत होता. मी तो पंखाखाली नेला. चार अंश उतरले, दोन राहिले. मग ऊन अडवायला वर पांढरा रंगवलेला पत्रा ठोकला. म्हटलं, "नाना, आता बरोबर दाखवेल. नाही दाखवलं तर डिग्री परत करतो."

त्या वैशाखात उडायचं ठरलं. पोराची हुशारी बघायला वडील धुळ्याकडच्या आमच्या खेड्यातून आले होते. इंजिन पहाटेपासून फिरवत होतो, लागलं साडेनऊला. सगळे घामानं निथळत होते.

नानांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "काटा तेहतीस म्हणतो रे. अंगाला तर चाळीस वाटतंय."

"वाटण्यावर जाऊ नका नाना. काट्यावर जा."

पाऱ्याचा थर्मामीटर माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही.

विमान धावलं, धावलं, वीतभर उचललं आणि बांधावर आदळलं. नानांची कंबर मोडली. त्यांना बैलगाडीत घातलं. मी पंखाशी गेलो, तर फुग्याला वडिलांच्या उपरण्याची चिंधी गुंडाळलेली. अजून दमट.

वडील हळूच म्हणाले, "तुनं यंतर तपी ऱ्हायनं व्हतं, भाऊ. मी वल्लं फडकं बांधी दिनं. बठ्ठं बरोबर शे ना?"

आमच्याकडे उन्हाळ्यात माठाला, खिडकीला, डोक्याला ओलं फडकंच बांधतात. ओल्या फडक्यानं पारा किती उतरतो, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. त्यांना म्हटलं, "हो आबा, सगळं बरोबर आहे." चिंधी खिशात घातली.

दवाखान्यात नानांनी विचारलं, "खरंच तेहतीस होतं?"

"हो."

"मग माझं विमानच खोटं." ते भिंतीकडे वळले.

पुढं अंथरुणातूनच त्यांनी विमान मोडायला सांगितलं. पंख मीच कापले. ते जाईपर्यंत मी दर रविवारी जात होतो, आणि दर रविवारी ते तेच विचारत.

"तेहतीसच ना रे?"

"तेहतीसच, नाना."