मरीन ड्राइव्हवरची भरती

मुंबई कशी बघावी हे सांगणारा आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत मी एकटाच अधिकारी माणूस आहे. अधिकार एवढाच, की तरुणपणी चार वर्षं मी परळला एका खोलीत सहावा माणूस म्हणून राहत होतो. त्या खोलीतून समुद्र दिसत नव्हता, समोरच्या इमारतीचे पाइप दिसायचे. पण बाकीच्यांकडे तेवढंही नाही!

त्यामुळे कोणी मुंबईला निघालं की आधी माझ्या दारात येतं. मीही हातचं राखून सांगत नाही. राणीची बाग सकाळी बघा. म्युझियम दुपारी बघा (आत गार असतं). टॅक्सीवाल्याशी मराठीत बोला, तो हिंदीत उत्तर देईल, मनाला लावून घेऊ नका. आणि शेवटी माझा हुकमी सल्ला : "समुद्र बघायचा तर भरतीच्या वेळीच!" कारण ओहोटीला जाणारी माणसं दगड आणि प्लास्टिक बघून येतात आणि वर मलाच ऐकवतात, "त्यापेक्षा आपली पवना बरी."

गेल्या श्रावणात सासूबाईंनी समुद्र बघायची इच्छा बोलून दाखवली. त्या राजगुरुनगरजवळच्या गावात राहतात, वय पंचाहत्तर. "भीमा पाह्यली, भामा पाह्यली, समिंदर तेवढा ऱ्हायला," म्हणाल्या. आमच्या सौ. सुनंदानं पुढं जोडलं, "सोपानलाही न्या. घरात बसून कुढतोय."

सोपान म्हणजे तिचा धाकटा भाऊ. महाळुंग्याच्या एका कंपनीत कंत्राटदाराकडून मशीनवर होता. चार महिन्यांपूर्वी त्याला ब्रेक दिला. (आमच्या भागात ब्रेक देतात म्हणजे चहाला सोडत नाहीत, कायमचं घरी सोडतात.) वय एकोणचाळीस. जाहिरातीत वयाची अट तीस. बिचारा सकाळी उठून दाढी करायचा आणि ओट्यावर बसून राहायचा.

मी लगेच फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटचा माणूस असल्यानं मी फापटपसारा लिहीत नाही : "शनिवारी मरीन ड्राइव्ह. भरती दु. १२.४०. उशीर करू नये. नंतर काही उपयोग नाही."

चार महिन्यांत ग्रुपवर साधं 'शुभ सकाळ' न टाकलेल्या सोपानचं एका मिनिटात उत्तर आलं, "येतो दाजी. लई उपकार झालं."

"बघ," मी सुनंदाला म्हटलं, "माणसाला निसर्गाची किती ओढ असते!"

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज दबका.

"दाजी, वयाची काय अट हाय का?"

"कसली अट! तुझी आई येतेय की पंचाहत्तरीची!"

तो खूप हसला. "आन् गावातलं दोघं मित्र येऊ का म्हनत्यात."

"आण की! तिथं कोणाला अडवत नाहीत."

"कागद कुठलं आनू?"

कट्टा ओला असतो, खाली काहीतरी लागतंच. पोराला किती बारकावे सुचतात! "जुने असतील ते सगळे आण," मी म्हटलं. "बसायला लागतात."

"व्हय दाजी. समदं आनतो."

शनिवारी सकाळी मी भाड्याची मोठी गाडी घेऊन गावात पोचलो. अंगात हाफ पँट, पायात रबरी चपला, डोक्याला टोपी. समोर तिघं उभे होते. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट, पॉलिश केलेले बूट, मिशा काळ्या केलेल्या. तिघांच्या काखेत एकेक प्लास्टिकची फाइल. सासूबाई एकेकाच्या कपाळाला अंगारा लावत होत्या. पहिल्यांदा समुद्र बघायचा म्हणजे केवढी ही श्रद्धा!

सोपाननं माझ्या उघड्या गुडघ्यांकडे काळजीनं पाहिलं. "दाजी, तुमी असंच?"

"माझं काय रे! मला तिथं सगळं ओळखीचं!"

तिघांनी एकमेकांकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मला माझ्या मुंबईच्या अभ्यासाचा अभिमान वाटला. (त्या नजरेचा अर्थ 'दाजींचा वशिला हाय' असा होता, हे मागाहून कळलं.)

घाटात मी देखावे दाखवत होतो आणि हे तिघं डोळे मिटून पुटपुटत होते. मला वाटलं, स्तोत्र चाललंय. मध्येच 'माय नेम इज' ऐकू आलं, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. पुढं दादर दाखवत होतो.

बारा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. पाणी चढत होतं, लाटा भिंतीवर धडकत होत्या. मी हात पसरून उभा राहिलो. सोपाननं शर्ट खोचला, घाम पुसला आणि विचारलं,

"दाजी, हापिस कुठंशी हाय?"

"कसलं ऑफिस?"

"भरतीचं."

"अरे, ही काय भरती! समोर बघ की!"

सोपाननं समोर पाहिलं. मग फाइलकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

तोवर माझ्याही डोक्यात ट्यूब पेटली. आमच्या पट्ट्यात 'ड्राइव्ह' म्हणजे कंपनीची माणसं घ्यायची मोहीम आणि 'भरती' म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न. मरीन नावाच्या कुठल्याशा कंपनीची ड्राइव्ह, शनिवारी बारा-चाळीसला भरती. माझा मेसेज कोणीही असाच वाचला असता!

"अरे, पण मला कसं वाटेल, की तू..."

"तुमीच म्हनला हुता," सोपान हळूच म्हणाला. "ब्रेक मिळाला तवा मी आलो हुतो तुमच्याकडं. तुमी म्हनला, भरती निघाली की कळवतो."

म्हटलं होतं खरं. चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हटलं होतं, आणि कपाबरोबर तेही विसळून टाकलं होतं. त्यानं मात्र चार महिने फोन उशाशी ठेवून वाट पाहिली होती. मला फार लाज वाटली.

एवढ्यात एक दणदणीत लाट भिंतीवरून आली आणि सगळ्यांना न्हाऊ घालून गेली. सोपाननं फाइल छातीशी धरली, पण पाणी आत गेलंच. मग आम्ही मागच्या कोरड्या कठड्यावर त्याचे कागद मांडले, वर बूट ठेवले. (येणारेजाणारे फोटो काढत होते.) मी पहिल्यांदाच ते कागद वाचले. अनुभवाचे अकरा दाखले. अकरा कंत्राटदार, पण कंपनी एकच, मशीन एकच, सोपान एकच. प्रत्येकावर 'काम समाधानकारक'. अकरा वर्षं हा माणूस दर वर्षी नव्यानं त्याच मशीनवर लागत होता, आणि तो माझा सख्खा मेहुणा असूनही मी त्याला साधं विचारलं नव्हतं, की तू करतोस काय.

सासूबाई ओल्या पदरानं समुद्राकडे बघत होत्या. "जावईबापू, ह्ये पानी परत जातं म्हनं?"

"जातं. सहा तासांनी. मग परत येतं."

"म्हंजी भरती दिसातून दोनदा?"

"हो, दोनदा."

"आन् तुमच्या कंपनीत वर्सातून येकदा बी न्हाई?"

मी सगळ्यांना भेळ खाऊ घातली. मित्र बिचारे चांगले निघाले, म्हणाले, "ऱ्हाऊ द्या दाजी, त्या निमित्तानं मुंबई झाली." कागद सुकले तसे सोपाननं एकेक करून मोजून फाइलमध्ये घातले.

ती फाइल मी मागून घेतली. सोमवारी एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा एचआरच्या मॅडमसमोर कोणासाठी तरी शब्द टाकायला उभा राहिलो. मॅडमनी मिठानं कडक झालेले दाखले उलटून पाहिले.

"सर, आपल्याकडच्यासारख्याच मशीनचा एवढा अनुभव? मग आधी का नाही आणलं यांना? जूनमध्ये आपण तीन माणसं घेतली. वयाचीही अट नव्हती."

"जूनमध्ये? मला कोणी सांगितलं नाही!"

"नोटीस लावली होती ना. तुमच्याच केबिनबाहेरच्या बोर्डावर."

"शक्य नाही," मी ताठ होऊन म्हणालो. "तो बोर्ड मी रोज बघतो. जूनमध्ये तिथं फक्त आपल्या डिपार्टमेंटच्या मुंबई सहलीसाठी मी स्वतः लावलेला भरती-ओहोटीचा तक्ता होता."

"हो सर," मॅडम म्हणाल्या, "त्याच्याच खाली."