रविवारी नंदूशी मॅच

गाव सोडताना माणूस बरोबर काय नेतो, याबद्दल लोक फार हळवं लिहितात. देवघरातला अंगारा, अंगणातली माती, असं काहीतरी. मी नेली ती एक वायर. तीही चुकून.

निघायच्या सकाळी घरात बॅगा उघडत होत्या आणि बंद होत होत्या. बायको, सुलभा, एका बॅगेतला खाजा काढून दुसरीत घालत होती आणि दुसरीतली सोलं पहिलीत. आपणही काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून मी म्हटलं, "वायरींचं मी बघतो." आणि घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या काळ्या वायरी गोळा करून एका पिशवीत कोंबल्या. खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडी उभी होती. बाबा पायरीवर उभे राहून म्हणाले, "पोचल्यार फोन कर. नाय पोचलंस तर टीव्हीर कळतलांच." हा त्यांचा निरोप. मग आत गेले.

गाडी कट्टा गावच्या बाजारातून पुढे जाते न जाते तोच धाकट्या भावाचा फोन. नंदूचा.

"दादा, गेमीची वायर खंय आसा?"

"टीव्हीच्या मागे बघ."

"टीव्हीच्या मागे सेट टॉपची पण नाय हा."

पिशवी माझ्या मांडीवरच होती. ड्रायव्हर म्हणाला, निघालेल्या माणसाने मागे फिरू नये. सुलभा नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते जास्त लागलं. अशा रीतीने आमच्या घरातल्या झाडून सगळ्या वायरी कॅनडाला आल्या आणि इथल्या एकाही सॉकेटमध्ये त्यातली एकही गेली नाही. तिकडे नंदू कुडाळहून दुसरी वायर आणेपर्यंत बाबांची संध्याकाळची करमणूक बंद. ते म्हणे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "थोरलो गेलो तो गेलो, वायर कित्याक व्हरूक व्हयी होती?"

ही करमणूक म्हणजे फुटबॉलचा व्हिडिओ गेम. नंदूने गोव्यातल्या एका मित्राकडून जुनं मशीन आणलं होतं. मी तेव्हा चाळिशीच्या दारात, तो माझ्याहून बराच धाकटा. आम्ही दोघे सोफ्यावर बसून बटणं बडवायचो आणि बाबा मागे खुर्चीत. बाबा तरुणपणी गावाच्या टीमचे गोलकीपर. भात कापून झालं की रिकाम्या मळ्यात मॅची व्हायच्या. मेरेपलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, बॉल गेला की आऊट, आणि मेरेवर बसलेल्या म्हाताऱ्यांना लागला की भांडण. त्यामुळे टीव्हीतल्या खेळाडूंबद्दल बाबांचं मत फारसं चांगलं नव्हतं. कुणी धक्का लागून आडवा झाला की म्हणायचे, "हो पडता कित्याक? ह्येका जेवूक घालूक नाय काय?"

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना पुढचं सांगायला नको. पहिली थंडी, शिफ्टची ड्यूटी, बेसमेंटमधलं भाड्याचं घर, मुलीची शाळा. आणि फोन. जे तिथे राहिले त्यांना वाटतं, हा आता मोठा झाला, बोलत नाही. तसं नसतं हो. फोनवर आम्हा भावांना बोलता यायचंच नाही. "काय मगे?" "बरां." "जेवलंस?" "जेवलंय." एवढ्यात सगळं संपायचं आणि मग दोन्हीकडून नुसता श्वास. सुलभा तिच्या शिरोड्याच्या बहिणीशी भाजी चिरून, फोडणीला टाकून, शिजवून होईपर्यंत बोलते, आणि फोन ठेवताना म्हणते, "बरां, मगे बोलाया." मला तिचा हेवा वाटायचा.

मग इथे मीही तोच गेम घेतला. ऑनलाइन जोडता येतो हे मुलीने दाखवलं. कानाला हेडफोन, तोंडापुढे माईक, आणि दर रविवारी इथे सकाळ, तिथे दिवेलागण. तेव्हापासून आमची वाचा फुटली. डोळे बॉलवर असले की तोंड मोकळं सुटतं, हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळलं. कलमांना मोहोर कसा आहे, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, काजू बी कशी भरली, हे सगळं मला कॉर्नर किक मारता मारता समजलं. नंदूला मुली सांगून येत होत्या आणि "मुलगो गावाकच रवता?" एवढं विचारून परत जात होत्या, हेही असंच. तो म्हणाला, "परत एक इली, गेली," आणि लगेच, "तुझो डावो बाजूवालो झोपलो हा बघ." मी डाव्या बाजूवाल्याला उठवला.

सुलभा म्हणायची, "केसांक कलप लावतास आणि हातात खेळणां घेवन बसतास. कायतरी एक ठरवा." पण रविवारी सकाळी ग्रोसरीला तिने मला कधी पाठवलं नाही.

मॅच सुरू होण्याआधी गाऱ्हाणं. आमच्याकडे विहिरीला पहार लावायची असो की नवी मोटारसायकल, देवापुढे एकाने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. न म्हणून चालत नाही. नंदूला हा आवाज बाबांकडून आलेला. तो तिकडून सुरू करायचा, "बा देवा म्हाराजा! हो जो माझो दादा थंय बर्फात बसलो आसा, तेची बोटां बटनार गारठूं देत रे म्हाराजा!" आता ऐकणारा मी एकटा. म्हणजे स्वतःच्या हाराकिरीला मीच म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" शेजारचा पोर्तुगीज म्हातारा एकदा ड्राइव्हवेमध्ये विचारत होता, तुम्ही रविवारी प्रार्थना करता का म्हणून. मी हो म्हटलं. समजावणार काय?

गेमबद्दल खरं सांगायचं तर चांगलं पुष्कळ होतं. बॉलला वजन होतं, पास देताना अंगठ्याला ते कळायचं. आमच्यासारख्या जाड बोटांच्या माणसांसाठी वेग कमी करता यायचा. वाईटही होतं. मैदान कायम पाटासारखं सपाट. पाऊस लावला तर नुसता दिसायचा, बॉल काही चिखलात अडायचा नाही. नंदू म्हणायचा, ह्यांना एकदा आमच्या मळ्यात आणा. समालोचक तीच पाच-सात वाक्यं फिरवायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मॅच ऑनलाइन असली की पॉज थोडाच मिळायचा. तिकडे संध्याकाळी वांदर कौलांवर उतरायचे, नंदू "थांब हां" म्हणून पळायचा आणि त्याची टीम पुतळ्यासारखी उभी. अशा वेळी मी गोल कधी मारला नाही. तो येईपर्यंत मी आपला मागच्या मागे पास देत राहायचो. या पायाकडून त्या पायाकडे. कानात लांबून त्याची हाकाटी ऐकू यायची, कौलं खडखडायची. खरं सांगतो, आठवड्यातला तेवढाच वेळ मला आपण घरी असल्यासारखं वाटायचं.

दर दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात आम्ही गावी जातो तेव्हा सोफ्यावर शेजारी बसूनही खेळतो. पण ती वेगळी मॅच. तेव्हा तो मला सोलकढी आणून देतो, पंखा माझ्याकडे वळवतो आणि हरतो. पाहुण्याला कोण हरवतं?

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली; मी पोचलो नव्हतो. वर्षश्राद्ध झाल्यावरच्या रविवारी मॅच सुरू झाली आणि नंदूच्या गोलमध्ये एक नवाच गोलकीपर. उंच, काटक, पांढरे केस, मिशी. नंदूने बनवला होता. या गेममध्ये नाक, कपाळ, हनुवटी असं सगळं पट्टे सरकवून घडवता येतं. म्हातारपण देता येत नाही. त्यामुळे तिशीतल्या अंगावर बाबांचं तोंड. मी बॉल पुढे नेला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "उंची बरोबर आसा मां?" मी म्हटलं, "इल्ली जास्त." तो म्हणाला, "तुका तसांच वाटतलां. तू बसलेले बघितलेस, मी निजलेले बघितलंय."

गोलकीपर बावळट, ही या गेमची जुनी खोड. साधा सरपटता बॉल पायांखालून सोडायचे. बाबांनीही सोडला की आम्ही दोघे मिळून कंपनीला शिव्या घालायचो. "बाबांनी हो सोडलो नसतो रे." "शक्यच नाय." त्यातही एक सुख होतं.

यंदा पडद्यावर सूचना आली. ही आवृत्ती जुनी झाली, तिची ऑनलाइन सेवा अमुक दिवसापासून बंद. नवी घ्या. नवी आवृत्ती नंदूच्या मशीनवर चालत नाही. मी म्हटलं, नवं मशीन पाठवतो. तो म्हणाला, "तेका नेट व्हया तितक्या हंय खंय आसा? टॉवर डोंगरापलीकडे." मी म्हटलं, बघू काहीतरी. तर म्हणाला, "आणि नवीन गेमीत बाबा येवचे नाय."

"परत बनवूया."

"मी बसलंय होतंय एका मित्राकडे," तो म्हणाला. "नाय जमलां. तोंड आठवता. पण तो पट्टो सरकवताना खंय थांबाचां, तां आठवना नाय."

शेवटच्या रविवारी मी लवकर उठून बसलो होतो. सुलभाने न मागता चहा आणून ठेवला. नंदूने गाऱ्हाणं सुरू केलं, नेहमीच्या वरच्या पट्टीत. "बा देवा म्हाराजा! आज हो खेळ बंद जाता, तां तुझ्या हातात नाय, आमच्याय हातात नाय." व्हय म्हाराजा. "ह्येच्या फुडे आमका फोनार बोलूचां आसा, तर दोगांकय चार सबद सुचूं देत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मनापासून.

मॅच बरोबरीत चालली होती. शेवटाकडे मला पेनल्टी मिळाली. समोर बाबा. पेनल्टीला गोलकीपर कुठे झेप घेणार हे समोरचा खेळणारा ठरवतो, म्हणजे बाबांना नंदू उडवणार. मी जन्मभर पेनल्टी उजव्या कोपऱ्यात मारत आलोय. त्या दिवशी मी सरळ मारला, हळू, बाबांच्या पोटात. त्यांनी धरावा म्हणून. पण नंदूला माझा उजवा कोपरा ठाऊक. त्याने बाबांना पूर्ण ताकदीनिशी तिकडे उडवलं आणि बॉल रिकाम्या जागेतून आत गेला. सावकाश.

"मधी कित्याक मारलंस?" नंदू म्हणाला.

"असोच."

शिट्टी झाली. पडदा निळा झाला, खेळल्याबद्दल आभार मानणारी एक ओळ आली आणि हेडफोनमधला तिकडचा आवाज, पंख्याचा की रातकिड्यांचा कोण जाणे, तुटला. ती टीम आता नंदूच्या मशीनवर आहे. माझ्याकडे काही नाही.

पुढच्या रविवारी मी ठरलेल्या वेळी फोन लावला. त्याने लगेच उचलला. हातातच धरून बसला असावा.

"काय मगे?"

"काय नाय. तुझां?" तो म्हणाला.

"बरां."

"जेवलंस?"

"हंय सकाळ आसा रे."

"हां. व्हय तर."

मग काही नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. रस्त्यावर मीठ पसरणारी गाडी येऊन गेली. त्याला सांगावं का, मीठ पसरतात म्हणून? पण त्यात काय सांगायचं?

"आसस?" तो म्हणाला.

"आसंय."

परत तेच. कलमांचं विचारायचं मनात आलं, पण नुसतं समोर उभं करून ते विचारता येईना. चौकशी केल्यासारखं झालं असतं. त्यालाही माझ्या शिफ्टचं विचारता येत नव्हतं. आम्ही दोघेही, मला वाटतं, गाऱ्हाणं ऐकलं जाण्याची वाट बघत होतो.

"पंप चालू रवलो हा," शेवटी तो म्हणाला.

"जा मगे. बंद कर."

"फुडल्या आयतवारी लावतंय."

"लाव."

त्याने फोन ठेवला. पुढल्या रविवारी तो लावेल, मीही उचलेन, आणि पंप चालूच असेल. हे असंच आणखी थोडे रविवार चालेल, मग सणावारी, मग कुणी गेलं-आलं तर. मी असे भाऊ पाहिले आहेत. तुम्हीही पाहिले असतील. कदाचित त्यातले एक असाल. त्यांचं काही भांडण झालेलं नसतं.

सुलभा ओट्यापाशी फ्रीझरमधली कोळंबी, आमची सुंगटं, पाण्यात सोडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ऐकण्यासारखं तसं होतंच काय? मी म्हटलं, "नाय जमना गो."

ती वळली नाही. पाण्यातला बर्फ बोटांनी सुटा करत म्हणाली, "इतकी वर्सां माका वाटायचां, आयतवारी तुमी गावाक जावन येतास. मगे आता सातय दिवस हंयच."