काशीगावची सकाळ

बेव्हर्ली पार्कातल्या भावाच्या हॉलमध्ये बाबांचं एक एचिंग, म्हणजे पत्र्यावरून कागदावर छापलेलं चित्र, टांगलेलं आहे. काशीगावची भातखाचरं, मागे डोंगर, घराकडे परतणाऱ्या दोन म्हशी आणि दाट होत चाललेला अंधार. नोकरी सांभाळून बाबा हे काम शिकले. कोरलेला जस्ताचा पत्रा पुन्हापुन्हा ॲसिडमध्ये बुडवून त्यांनी तो अंधार मिळवला होता. एरवी स्वतःच्या कामाबद्दल चकार शब्द न काढणारे बाबा त्या अंधाराबद्दल मात्र भरभरून बोलायचे.

भावाचा धंदा बसला आणि त्याला वास्तुवाल्याचा पुळका आला. तो उपटसुंभ माझ्या हातचा चहा ढोसून म्हणाला, "डूबता सूरज हॉल में नहीं रखते. बरकत रुकती है." चित्रात सूर्य नव्हताच. मी तसं म्हटलं, तर वहिनी अशी बघायला लागली की जणू धंदा मीच बुडवला.

"माळ्यावर टाकतो," भाऊ म्हणाला. बाबांचा चेहरा उतरला, तशी त्याने तोड काढली. अशा चित्राखाली पेन्सिलीनेच नाव लिहायची रीत असते. तिथे बाबांच्या अक्षरात होतं, 'संध्याकाळ, काशीगाव'.

"बाबा, तेवढं खोडून 'सकाळ' करा ना. म्हशी चरायला चालल्यात म्हणू. कोणाला काय कळतंय?"

वास्तुवाल्याने मान डोलावली. सकाळ चालते म्हणे!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबा, हात लावू नका. मी नेते माझ्या घरी."

"तू मध्ये पडू नकोस. घर आमचं आहे," भाऊ खेकसला. त्याने फ्रेम उघडून खोडरबर पुढे केला. बाबांनी निमूटपणे खोडलं आणि 'सकाळ' लिहिलं. भावाइतकाच मला बाबांचाही संताप आला.

आता पाहुणे आले की वहिनी कौतुकाने सांगते, "सासऱ्यांनी काढलंय. काशीगावची सकाळ." मला तिचं तोंड बघवत नाही. बाबांनी चित्राकडे पाठ करून खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली आहे.

परवा न राहवून मी विचारलंच, "का ऐकलंत त्याचं? इतकं काय अडलं होतं?"

स्वयंपाकघरात वहिनी होती. बाबांनी आधी तिकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"संध्याकाळ घरात ठेवत नाहीत म्हणे," ते म्हणाले. "आणि मी ऐंशीचा झालोय गं."